व्हिक्टोरियाचा खर्ज : डॅनी थॉम्प्सन आणि रेकॉर्डिंगमधले डबल बेसवाले

खर्जातला (पुणे)

सप्टेंबर २०२५ मध्ये डॅनी थॉम्प्सन गेला. ८६ वर्षांचा होता. बातमी वाचली आणि कुणाला सांगावं तेच कळेना. आमच्या घरात हे नाव कुणी ऐकलेलं नाही, पण त्याचा हात गेली वीस वर्षं आमच्या घरात वाजतो आहे. म्हणून हा धागा.

डॅनी डबल बेस वाजवायचा. व्हायोलिनच्या घराण्यातलं सगळ्यांत थोरलं वाद्य, माणसापेक्षा उंच, उभं राहून वाजवायचं. जन्म १९३९ चा, डेव्हनमधल्या टिनमथचा. वाढला लंडनच्या बॅटरसीत. पोरवयात एका म्हाताऱ्याकडून त्याने ५ पौंडांना जुना बेस घेतला. पुढे कळलं की तो गाँ या फ्रान्समधल्या नामांकित घराण्याच्या हातचा, एकोणिसाव्या शतकातला आहे. त्याने त्या बेसला व्हिक्टोरिया नाव दिलं आणि आयुष्यभर तिलाच घेऊन स्टुडिओ पालथे घातले.

१९६४ मध्ये तो अलेक्सिस कॉर्नरच्या ब्लूज इन्कॉर्पोरेटेड या ताफ्यात होता. (ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं.) तिथला ड्रमर टेरी कॉक्स आणि हा, असे दोघं १९६७ मध्ये गिटारवाले बर्ट जान्श, जॉन रेनबर्न आणि गायिका जॅकी मॅक्शी यांना येऊन मिळाले आणि पेंटँगल हा ताफा उभा राहिला. गाणी ब्रिटनची जुनी लोकगीतं, पण पायाशी जॅझचा बेस. त्यांच्या १९६८ च्या 'स्वीट चाइल्ड' या अल्बममध्ये मैफलीच्या मधोमध डॅनी एकटाच चार्ल्स मिंगसचं 'हेशियन फाइट साँग' वाजवतो. लोकसंगीत ऐकायला आलेले लोक ते टाचणी पडल्याचा आवाज येईल इतक्या शांततेत ऐकतात.

पण मला बोलायचंय ते त्याने दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर केलेल्या कामाबद्दल. इंग्लिश गायक निक ड्रेकचा 'फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट' (१९६९) हा अल्बम घ्या. त्यातलं 'थ्री अवर्स' हे सहा मिनिटांचं गाणं लावा. ड्रेकची गिटार, रॉकी झिझोर्नूचे कोंगा (हाताने वाजवायचे उंच ढोल) आणि डॅनीचा बेस. ड्रेक गिटारच्या तारा नेहमीच्या पद्धतीने न लावता गाण्यागणिक वेगळ्या लावायचा. म्हणजे साथीदाराला त्याच्या बोटांची ठेवण बघून पुढचा स्वर ओळखायची सोय नाही; सगळं कानानेच धरायचं. गिटार एका चक्रात फिरत राहते. बेस त्या चक्राला खालून आधार देतो, मधेच वर चढून गिटारच्या वाटेत येतो आणि गायकाने तोंड उघडायच्या आत बाजूला होतो. ते बाजूला होणं ऐका. माझं म्हणणं एवढंच आहे की बेसवाल्याचा कस स्वर सोडताना लागतो. लावलेला स्वर सगळ्यांनाच ऐकू येतो. कधी सोडला ते त्याचं त्यालाच ठाऊक असतं, आणि गाणं त्यावर श्वास घेतं.

इथे कुणी डबल बेस वाजवणारं असेल तर कृपया लिहा. आणि असे दुसरे कुणी साथीदार तुम्हाला जवळचे असतील तर तेही.

पेठकर

आत्ताच 'थ्री अवर्स' ऐकलं. गाणं सुंदर आहे, पण खरं सांगतो, बेस मला ऐकूच आला नाही. गिटार आणि आवाज, बस्स. माझे कान तयार नाहीत की काय?

खर्जातला (पुणे)

पेठकर, मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलंत ना? दोष कानांचा नाही. डबल बेसची सगळ्यांत जाड तार सेकंदाला साधारण ४१ कंपनं करते. मोबाइलच्या स्पीकरमधला इवलासा पडदा तेवढी हवा हलवूच शकत नाही. वरचे स्वरांश तेवढे बाहेर पडतात, त्यावरून मेंदू खालचा स्वर अंदाजाने भरून काढतो. तबल्याची मैफल मोबाइलवर ऐकताना काठावरची चाट ऐकू येते आणि बायाचा, म्हणजे डग्ग्याचा, घुमारा हरवतो, तसंच. कानावर पूर्ण बसणारे हेडफोन घ्या, साधे असले तरी चालतील, आणि पहिल्यांदा ऐकताना गायकाकडे लक्षच देऊ नका.

बायाँ_दायाँ (मिरज)

खर्जातला, घुमाऱ्याचं उदाहरण चपखल. मी तबल्याचा विद्यार्थी. बाया दाबून घसीट काढतो तशी घसीट गायक-गिटारवादक जॉन मार्टिनच्या 'सॉलिड एअर' या अल्बममध्ये (१९७३) डॅनीच्या बेसमध्ये ऐकू येते. डबल बेसच्या बोटं दाबायच्या पट्टीला सतारीसारखे पडदे नसतात, त्यामुळे मींड काढता येते, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं. मार्टिन शब्द मुद्दाम अर्धवट विरघळवून गातो, व्यंजनं जवळजवळ गिळतो. डॅनीचा बेसही स्वराच्या कडा तशाच सोडतो. दोघं एकच भाषा बोलतात असं वाटत राहतं. हे शीर्षकगीत मार्टिनने आपला मित्र निक ड्रेक याच्यासाठी केलेलं, आणि दोघांच्याही मागे उभा असलेला साथीदार हा एकच माणूस. हे कळल्यावर मला ते गाणं वेगळंच ऐकू यायला लागलं.

त्याच अल्बममधलं 'गो डाऊन ईझी'ही ऐका. गिटार, आवाज, बेस.

एक प्रश्न आहे. ब्लूजचं १२ मात्रांचं आवर्तन म्हणतात, ते आपल्या आवर्तनासारखंच का? समेवर यायचं असतं का?

वसंत_अण्णा (नागपूर)

बायाँ_दायाँ, १२ मात्रा नाहीत हो, १२ बार. एका बारमध्ये चार ठोके, म्हणजे आवर्तन ४८ ठोक्यांचं. आधारस्वर कधी बदलायचा ते ठरलेलं असतं, पाचव्या बारला चौथ्या सुरावर जायचं वगैरे. ते वळण दाखवण्याची जबाबदारी मुख्यतः बेसवाल्याची.

डॅनीबद्दल मला आदर आहे, पण ब्लूजच्या बेसबद्दल बोलताना विली डिक्सनपासून सुरुवात केली पाहिजे. जन्म १९१५, व्हिक्सबर्ग, मिसिसिपी. धिप्पाड माणूस, १९३७ साली इलिनॉयची हौशी हेवीवेट मुष्टियुद्ध स्पर्धा जिंकलेला. त्याचा पहिला बेस लिओनार्ड कॅस्टन या मित्राने पत्र्याचा डबा आणि एक तार यांचा बनवून दिला होता. एकच तार! पुढे शिकागोत चेस रेकॉर्ड्स या कंपनीत तो गाणी लिहायचा, कलाकारांना बसवून द्यायचा, रेकॉर्डिंग सांभाळायचा आणि बेसही वाजवायचा. चक बेरीच्या 'मेबेलिन'वर (१९५५) त्याचाच बेस आहे.

ब्लूज गायक मडी वॉटर्सचं 'हूची कूची मॅन' (१९५४) डिक्सनने लिहिलं आणि त्यावर बेसही त्यानेच वाजवला. सगळी वाद्यं मिळून एक छोटा तुकडा वाजवतात आणि एकदम थांबतात. त्या मोकळ्या जागेत मडी एक ओळ टाकतो. पुन्हा तुकडा, पुन्हा शांतता. खर्जातला, तुम्ही स्वर सोडण्याबद्दल जे लिहिलंय, ते इथे अख्ख्या ताफ्याने एकदम केलंय, आणि ती कल्पना एका बेसवाल्याच्या डोक्यातली.

पण माझा सगळ्यांत आवडता अल्बम १९६४ चा, मडीचा 'फोक सिंगर'. तेव्हा अमेरिकेत लोकसंगीताची लाट होती, म्हणून चेसने मडीच्या हातातून विजेची गिटार काढून साधी गिटार दिली. सोबत गिटारवर तरुण बडी गाय, क्लिफ्टन जेम्सचे मोजके ड्रम, आणि डिक्सनचा डबल बेस. 'माय होम इज इन द डेल्टा' लावा. मडी ओळ म्हणतो आणि थांबतो. खोलीचा घुमारा ऐकू येतो. मग खालून डिक्सनचा एक स्वर येतो, संथ, जाडजूड, दारात कुणीतरी येऊन उभं राहावं तसा. इलेक्ट्रिक रेकॉर्डवर जो गर्दीत हरवायचा तो बेस इथे उघडावाघडा ऐकायला मिळतो.

मेधा_जर्सी

धागा वाचून राहवलं नाही. मी न्यूजर्सीत राहते, इथल्या वाचनालयात जुन्या लाँग प्ले रेकॉर्ड मिळतात. त्यांच्या मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचायची मला सवय आहे, आणि त्यात एक नाव पुन्हा पुन्हा यायचं : बिल ली.

बिल ली अलाबामातल्या स्नो हिलचे, जन्म १९२८. दिग्दर्शक स्पाइक ली यांचे वडील. १९६० च्या आसपास न्यूयॉर्कमध्ये लोकसंगीताची रेकॉर्ड निघाली आणि बेस हवा असला की त्यांना बोलावणं जायचं. लोकगायिका ओडेटाच्या कार्नेगी हॉलच्या मैफलीत (१९६०) ते होते. गायक गॉर्डन लाइटफूटच्या पहिल्या अल्बमवर आहेत. सायमन आणि गार्फंकेल या गायकजोडीच्या पहिल्या अल्बमवर (१९६४) आहेत.

त्याच अल्बमवर 'साउंड ऑफ सायलेन्स'चं पहिलं, साधं रूप आहे. अल्बम चालला नाही. १९६५ च्या जूनमध्ये निर्माते टॉम विल्सन यांनी त्याच रेकॉर्डिंगवर इलेक्ट्रिक गिटार, इलेक्ट्रिक बेस आणि ड्रम चढवले. गायकांना विचारलंही नाही. ते रूप १९६६ च्या जानेवारीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. आज जगाला तेच माहीत आहे. दोन्ही रूपं पाठोपाठ ऐकून बघा. पहिल्यात दोन आवाजांच्या खाली खूप जागा आहे.

हे मी सांगतेय कारण बिल ली यांचं पुढे जे झालं ते या एका गाण्यात आधीच घडून गेलेलं आहे. सगळीकडे इलेक्ट्रिक बेस आला आणि त्यांनी तो वाजवायला नकार दिला. शेवटपर्यंत. कामं आटली, घर पत्नीच्या शिक्षकी पगारावर चाललं. १९६८ मध्ये त्यांनी नुसत्या डबल बेसवाल्यांचा ताफा उभा केला, न्यूयॉर्क बेस व्हायोलिन क्वायर. पुढे मुलाच्या 'डू द राइट थिंग'सारख्या सिनेमांना संगीत दिलं. २०२३ च्या मे महिन्यात ब्रुकलिनमध्ये वारले, ९४ वर्षांचे होते.

हट्ट म्हणावं की निष्ठा, मला अजून ठरवता आलेलं नाही. घर चालवणाऱ्या बाईचा विचार केला की हट्ट वाटतो. रेकॉर्ड लावली की निष्ठा वाटते.

पेठकर

मेधाताई, शेवटचं वाक्य मनात राहिलं. दोन्ही रूपं ऐकली, हेडफोन लावून. पहिल्यात बेस ऐकू आला! मुलाचे हेडफोन घेतले होते.

म्हापशेकर (वांद्रे, मुंबई)

धागाकर्त्यांनी हाक मारली म्हणून लिहितो. मी वाजवतो. आता हात पूर्वीसारखा चालत नाही, पण ऐंशीच्या दशकात मुंबईत सिनेमाच्या आणि कॅसेटच्या रेकॉर्डिंगला डबल बेस वाजवला आहे. वडील मूळ म्हापशाचे, व्हायोलिन वाजवायचे. त्या वेळी सिनेमाच्या ताफ्यात व्हायोलिन, चेलो, ट्रंपेटवर बरेचसे गोंयकारच असायचे हे इथे अनेकांना ठाऊक असेल.

लोकांना वाटतं बेस म्हणजे सोपं काम, चार तारा आणि सावकाश वाजवायचं. तारेची लांबी एक मीटरहून जास्त असते. पट्टीच्या वरच्या टोकाला एका स्वरापासून शेजारचा अर्धा स्वर जवळपास ६ सेंटिमीटर लांब. व्हायोलिनवाला बोट किंचित हलवतो तेवढ्या कामाला आम्हाला अख्खा पंजा लागतो. डाव्या हाताची तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी एवढीच स्वर धरतात. अनामिका करंगळीला टेकू देते, कारण एकट्या करंगळीच्याने ती जाड तार दबत नाही. खालच्या जागेवर शुद्ध स्वर लागायला मला तीन वर्षं लागली. पहिल्या वर्षी उजव्या हाताच्या तर्जनीवर पाण्याचे फोड यायचे, ते फुटायचे, त्यावर पट्टी लावून पुन्हा वाजवायचं. मग कातडी जाड झाली. अजून आहे.

घोडीवर, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी तुकड्यावर, तारा किती उंच ठेवायच्या यावर सगळं अवलंबून. उंच ठेवल्या तर आवाज मोठा आणि गोल, पण हात मोडतो. खाली ठेवल्या तर बोटं पळतात, पण स्वर पातळ होतो आणि तार पट्टीवर खडखडते. डॅनी थॉम्प्सन मी तीन दिवस सलग ऐकला आहे तुमच्या धाग्यामुळे, आधी नावही माहीत नव्हतं. त्याच्या स्वरात दोन्ही आहे, खडखड आणि गोलाई. तार पट्टीवर आपटल्याचा जो हलका 'टक्' येतो तो त्याने लपवलेला नाही. आमच्याकडे असा आवाज आला की काचेच्या पलीकडून टेक थांबवायचे. मला तो आवाज नेहमी आवडायचा. माझ्या हातातून तो आला की मला शरम वाटायची, आणि इथे तोच आवाज अख्ख्या गाण्याला लाकडाचा वास देतो आहे.

स्वर सोडण्याबद्दल खर्जातला यांनी लिहिलं ते शंभर टक्के खरं. आम्ही डाव्या हाताचा दाब अर्धा करून स्वर मारतो, म्हणजे बंद करतो. बोट तारेवरून उचलायचं नाही, फक्त सैल करायचं. उचललं तर मोकळी तार बोंबलते.

एक दुःख सांगतो. एका कॅसेटसाठी आम्ही सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत वाजवलं. लोकगीतांच्या चाली होत्या, संगीतकाराने मला म्हटलं, कागद बाजूला ठेव, तुझ्या मनाने वाजव. अशी संधी मला क्वचितच मिळाली. दोन गाण्यांत माझा बेस सुरुवातीला एकटा आहे. कॅसेट आली तेव्हा वेष्टनावर गायक, संगीतकार, गीतकार, अगदी छायाचित्र काढणाऱ्याचंही नाव होतं. वाजवणाऱ्यांपैकी कुणाचं नव्हतं. त्या दिवसाचे पैसे मिळाले, तक्रार पैशांची नाही. ती कॅसेट माझ्याकडे आहे. माझ्या नातीला मी वाजवून दाखवतो तेव्हा मला सांगावं लागतं की हा मी आहे.

खर्जातला (पुणे)

म्हापशेकर काका, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. 'बोट उचलायचं नाही, सैल करायचं' हे मी कुठेच वाचलं नव्हतं. इतकी वर्षं जे नुसतं ऐकत होतो ते हातात कसं घडतं ते आज कळलं. मनापासून आभार.

बायाँ_दायाँ (मिरज)

काकांना नमस्कार. अण्णा, बारचा हिशोब कळला. पण ब्लूज गायक जॉन ली हूकर ऐकताना तो हिशोब लागतच नाही. कधी अकरा बार, कधी तेरा, कधी साडेतेरा! माझं मोजण्यात चुकतंय का?

वसंत_अण्णा (नागपूर)

तुमचं बरोबर आहे. हूकर मोजत नसे. ओळ संपली आणि मनात आलं की तो आधारस्वर बदलायचा, नाही आलं तर त्याच जागी घोटत राहायचा. म्हणून त्याच्यासोबत वाजवणं भल्याभल्यांना जड जायचं. १९६० च्या न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात त्याच्या साथीला डबल बेसवर कोण होतं? मेधाताईंचेच बिल ली. त्याच वर्षी रिव्हरसाइड या कंपनीसाठी केलेल्या रेकॉर्डिंगवर बेसला सॅम जोन्स आहे. दोघंही जॅझमध्ये तयार झालेले, मोजून वाजवण्यात पक्के. अशा माणसाने मोजणं बाजूला ठेवून गायकाच्या तोंडाकडे बघत वाजवायचं. ढोलकीवाला लावणीत बाईच्या पायाकडे आणि मानेकडे बघत असतो ना, कधी उठान घ्यायचं ते त्यावरून ठरवतो, तसं काहीतरी. मोजणं न येणारा आणि मोजणं सोडू शकणारा यात फरक आहे.

म्हापशेकर (वांद्रे, मुंबई)

अण्णांशी सहमत. अशा वेळी पहिला ठोका किंचित उशिरा द्यायचा. केसभर. गायक वळला की नाही ते तेवढ्यात कळतं. जास्त उशीर केला तर गाणं मागे ओढलं जातं.

निशिगंध (ग्लासगो)

मी इथे हिवाळ्यात होणाऱ्या ट्रान्सअटलांटिक सेशन्सच्या कार्यक्रमाला काही वर्षांपूर्वी गेले होते. डॅनी तिथल्या वाद्यवृंदातला कायमचा बेसवाला. एकामागून एक गायक येत होते, कुणी स्कॉटिश, कुणी आयरिश, कुणी अमेरिकन, आणि तो जागचा हलत नव्हता. मी बाल्कनीत डाव्या बाजूला होते, त्यामुळे मला त्याचा डावा हात नीट दिसायचा. एका गेलिक (स्कॉटलंड-आयर्लंडची जुनी भाषा) गाण्याला बाकी सगळे गप्प होते, फक्त एक बाई गात होती आणि तो गज घेऊन एकच स्वर धरून होता. आपल्या तंबोऱ्यासारखा, पण तुटत नाही असा. गाल बेसच्या मानेला जवळजवळ टेकलेला. गाणं संपल्यावर टाळ्या पडल्या तेव्हा त्याने गायिकेकडे हात केला आणि स्वतः एक पाऊल बेसच्या मागे गेला.

तेव्हा मला नाव माहीत नव्हतं. घरी येऊन शोधलं आणि इंग्लिश गायिका केट बुशच्या 'हाउंड्स ऑफ लव्ह' या अल्बमवर (१९८५) हाच आहे हे बघून थक्क झाले. आणि 'सोंगहाई' (१९८८) जरूर ऐका. मालीचा तुमानी दियाबाते कोरा हे तिकडचं तारांचं वाद्य वाजवतो, केटामा हा स्पेनचा फ्लामेंको ताफा, आणि दोघांच्या मधे डॅनी.

मेधा_जर्सी

निशिगंध, 'सोंगहाई' लावलं आहे. कोराच्या तारा इतक्या वर आणि बेस इतका खाली की मधल्या जागेत गिटारवाले मोकळे फिरतात. सुरेख.

म्हापशेकर काका, एक विनंती आहे. त्या कॅसेटमधली ती दोन गाणी सुरुवातीपुरती तरी इथे ऐकवाल का? नाव आम्ही सगळे लिहून ठेवू.

म्हापशेकर (वांद्रे, मुंबई)

कॅसेट प्लेअरचा पट्टा सैल झाला आहे, आवाज लहरतो आणि बेसचा स्वर खाली बसतो. तसं ऐकवणार नाही. नातीने दुरुस्तीला नेला आहे, शनिवारी मिळेल म्हणाली. मिळाला की टाकतो. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं. सुरुवातीला दोनदा खालचा स्वर येतो, दुसऱ्यांदा जो येतो तो मी जरा लवकर सोडला आहे. ते आजही खटकतं. पेठकरांनी हेडफोन लावून ऐकावं.

पेठकर

काका, शनिवारी संध्याकाळी मोकळा आहे. या वेळी हेडफोन स्वतःचे घेतले आहेत.